तळहाताएवढ्या कार्डासाठी अख्खा संगणक भंगारात का जावा?

२०२३ साली भारत सरकारच्या दोन निर्णयांत एका यंत्राचे नाव स्पष्ट शब्दांत आले. १७ मे रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने माहिती-तंत्रज्ञान हार्डवेअरसाठी १७,००० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. लॅपटॉप, टॅब्लेट आणि सर्व्हरबरोबर तिच्यात ‘ऑल-इन-वन’ संगणकाचाही समावेश होता. ३ ऑगस्ट रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने ज्या वस्तूंची आयात परवान्याखाली आणण्याची अधिसूचना काढली, त्यांतही तो होता. पुढे मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाला ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा आराखडा सादर झाला. पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांची निवड झाली. ऑल-इन-वन संगणकाला तेथे जागा मिळाली नाही.

उद्योगाला प्रोत्साहन देताना जे यंत्र आठवले, आयातीला वेसण घालताना जे आठवले, ते ग्राहकाच्या हक्काची वेळ येताच विस्मरणात गेले. हे विस्मरण किरकोळ नाही. घराघरांत, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, बँकांच्या खिडक्यांमागे आणि रुग्णालयांच्या स्वागतकक्षांत उभ्या असलेल्या सर्व संगणकांपैकी दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत अन्यायकारक रचना कोणती, असा प्रश्न केला तर ऑल-इन-वनचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागेल. त्या अन्यायाचे मर्म एका सुट्या भागात सापडते. तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

एक चौकट, दोन आयुष्ये

ऑल-इन-वन म्हणजे पडद्याच्या पाठीमागे बसवलेला संगणक. टेबलावर जागा कमी लागते, तारांचे जंजाळ नसते, दिसायला देखणा. पण या देखणेपणात दोन भिन्न आयुर्मानाच्या वस्तू एकमेकींना जखडलेल्या असतात. चांगला पडदा दहा-पंधरा वर्षे सहज सेवा देतो. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि त्यांवर चालणारी प्रणाली मात्र पाच-सात वर्षांत मागे पडू लागते. मेज-संगणकात या दोन आयुष्यांचा परस्परांशी संबंध नसतो: डबा बदलला तरी पडदा राहतो, कार्ड गेले तरी डबा राहतो. ऑल-इन-वनमध्ये ज्याचे आयुष्य सर्वांत कमी, तोच भाग सगळ्यांचे आयुष्य ठरवतो.

‘मग तो भाग बदलावा’ हे साधे उत्तर. ते उत्तर एके काळी शक्य होते, हे नव्या पिढीतील विद्यार्थ्यांना बहुधा सांगावे लागेल.

जे शक्य होते, ते अशक्य कसे झाले?

अ‍ॅपलच्या २००९ ते २०११ या काळातील २७ इंची आयमॅकमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळे होते. ‘एमएक्सएम’ नावाच्या मानकानुसार बनवलेला तो तळहाताएवढा पट्टा मुख्य बोर्डावरील खाचेत बसवलेला असे. हे मानक एनव्हिडियाने संगणक-उत्पादकांच्या साहाय्याने २००४ च्या सुमारास पुढे आणले. लॅपटॉप आणि तत्सम आटोपशीर यंत्रांत ग्राफिक्स बदलता यावे, हाच त्याचा हेतू. त्या आयमॅकची काच चुंबकांनी धरलेली असे. दोन रबरी सक्शन कप लावून ती अलगद उचलायची, पडद्याचे टॉर्क्स स्क्रू काढायचे, तारा सोडवायच्या, मुख्य बोर्ड बाहेर घ्यायचा, की कार्ड हाती येई. काम नाजूक खरे; पण सराईत कारागिराला एका दुपारी होण्यासारखे.

२०१२ च्या अखेरीस आयमॅक कडेला बारीक झाला. काच चिकटपट्टीने डकवली गेली, ग्राफिक्स चिप मुख्य बोर्डावर सोल्डर झाली. समोरून पाहणाऱ्याला ही प्रगती वाटली. पण ऑल-इन-वनची कड कोणी रोज पाहत नाही. ते यंत्र खिशात घालायचे नसते, पाठीवर वाहायचे नसते. टेबलावर स्थिर असणाऱ्या वस्तूची कड काही मिलिमीटरने घटली, आणि त्या मिलिमीटरांची किंमत म्हणून यंत्राचे उरलेले आयुष्य द्यावे लागले.

‘पर्याय नव्हता’ हा युक्तिवाद त्याच वर्षी खोटा ठरला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये एचपीने ‘झेड-१’ हे २७ इंची ऑल-इन-वन वर्कस्टेशन जाहीर केले. ते टेबलावर आडवे करून मोटारीच्या बॉनेटसारखे उघडता येई. हत्याराविना आतील भाग निघत, आणि ग्राफिक्स कार्ड एमएक्सएम खाचेतच होते. म्हणजे एकाच वर्षी, एकाच आकाराच्या पडद्यामागे, दोन कंपन्यांनी दोन विरुद्ध निर्णय घेतले. भौतिकशास्त्राचे नियम दोघींना सारखेच होते. फरक होता तो इच्छेचा.

चिप का मरते?

ग्राफिक्स चिपच का, असा प्रश्न विज्ञानाच्या वाचकाने विचारलाच पाहिजे. उत्तर पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.

सिलिकॉन तापले की प्रसरण पावते. प्रत्येक अंश सेल्सिअसला दहा लक्षांत सुमारे २.६ भाग. ज्या सेंद्रिय पट्टीवर ही चिप बसवतात, ती त्याच तापमानवाढीला सुमारे १५ ते १७ भाग पसरते. वीस मिलिमीटर रुंदीची चिप साठ अंशांनी तापली, तर दोघांच्या प्रसरणातील फरक साधारण १५ मायक्रोमीटर येतो. हा ताण पडतो त्या दोघांमधील सोल्डरच्या सूक्ष्म गोळ्यांवर, ज्यांचा व्यासच शंभर मायक्रोमीटरच्या आसपास असतो. मधल्या फटीत भरलेले राळेसारखे द्रव्य या ताणाचा वाटा उचलते. पण ते द्रव्य योग्य नसेल तर गोळ्यांना तडे जाऊ लागतात. संगणक सुरू झाला, तापला, बंद झाला, निवला: हे चक्र हजारो वेळा घडते. एखादी तार पुन्हापुन्हा वाकवल्यावर तुटते, तोच हा धातूचा थकवा.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने चिपच्या वेष्टनातील कमकुवत साहित्यामुळे येणाऱ्या बिघाडांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये अ‍ॅपलने २०११ च्या मध्यावर आलेल्या २७ इंची आयमॅकमधील एएमडी रेडिऑन ६९७०एम कार्डे मोफत बदलून देण्याचा कार्यक्रम काढला. या दुसऱ्या उदाहरणाकडे नीट पाहावे. कंपनीला ती मोहीम केवळ कार्ड बदलून भागवता आली, कारण कार्ड सुटे होते. एक वर्ष उशिरा बनलेल्या आयमॅकवर तोच प्रसंग आला असता, तर सबंध मुख्य बोर्ड बदलावा लागला असता. सुटेपणाचा लाभ ग्राहकाआधी कंपनीलाच झाला होता. तरीही तो सुटेपणा तिने मोडीत काढला.

यंत्रातील सर्वांत तापणारा, सर्वांत अधिक थकणारा आणि सर्वांत लवकर कालबाह्य होणारा भाग जर एकच असेल, तर त्याला सहज काढता येईल अशा जागी बसवणे हा अभियांत्रिकीचा प्राथमिक विवेक आहे. सायकलची ट्यूब चाकाला कायमची चिकटवणाऱ्या कारखानदाराला कोणी कुशल म्हणणार नाही. संगणकाच्या बाबतीत त्याच कृतीला ‘अत्याधुनिक रचना’ म्हणतात.

येथे दुसऱ्या टोकाच्या भाबडेपणाचाही समाचार घेतला पाहिजे. बिघडलेले कार्ड स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये भाजून ‘जिवंत’ करण्याच्या चित्रफिती आजही फिरतात. उष्णतेने तडे गेलेले सांधे काही काळ पुन्हा टेकतात, पडदा उजळतो, टाळ्या पडतात. काही आठवड्यांत तोच अंधार परततो. मूळ दोष चिपखालच्या गोळ्यांत आणि त्या द्रव्यात असतो, आणि तो भाजण्याने दूर होत नाही. शिवाय ज्या ओव्हनमध्ये उद्या केक व्हायचा त्यात प्लास्टिक आणि फ्लक्सची वाफ कोंडायची, हे आरोग्याच्या दृष्टीने अविचाराचे आहे. याला दुरुस्ती म्हणता येत नाही. अधिकृत सुटा भाग मिळत नाही म्हणून माणसे अशा उपायांकडे वळतात, आणि नंतर हेच उपाय दाखवून ‘ग्राहकाच्या हाती दुरुस्ती देणे धोक्याचे’ असा निष्कर्ष काढला जातो. आधी दार बंद करायचे, आणि खिडकीतून चढणाऱ्याला बेशिस्त ठरवायचे!

खाच आहे, पण किल्ली नाही

हार्डवेअरचे कुलूप उघडले तरी दुसरे एक कुलूप शिल्लक राहते. २०११ च्या आयमॅकमध्ये त्याच आकाराचे दुसरे एमएक्सएम कार्ड बसवले, तर अनेकदा यंत्र चालू होते आणि पडदा मात्र काळा राहतो. कारण कार्डावरच्या लहानशा स्मृतीत असलेला आरंभीचा कार्यक्रम, म्हणजे व्ही-बायॉस, त्या यंत्राच्या फर्मवेअरला समजेल अशा रूपात नसतो. पडद्याचा उजेड कमी-जास्त होत नाही, झोपी गेलेले यंत्र जागे होत नाही, पंखे विनाकारण घोंघावत राहतात.

जगभरच्या हौशी तंत्रज्ञांनी हे कुलूप वर्षानुवर्षे खपून उघडले. एनव्हिडियाच्या क्वाड्रो के-११००एम किंवा के-२१००एम यांसारखी, मूळ वर्कस्टेशन लॅपटॉपसाठी बनलेली कार्डे घ्यायची. त्यांच्या स्मृतीत सुधारलेला व्ही-बायॉस स्वस्त प्रोग्रॅमरने उतरवायचा. तापमान-संवेदकाची तजवीज करायची. आणि मग कार्ड बसवायचे. के-११००एमची वीजमर्यादा ४५ वॅट. मूळच्या बलाढ्य कार्डापेक्षा बरीच कमी. म्हणजे बदलानंतर यंत्र पूर्वीपेक्षा थंड राहते. शिवाय ही कार्डे अ‍ॅपलची ‘मेटल’ ही ग्राफिक्स-भाषा जाणतात. २०१८ साली आलेल्या मोहावे प्रणालीने मेटल अनिवार्य केले, आणि रेडिऑन ६९७०एमला ते येत नाही. अ‍ॅपलने २०११ च्या आयमॅकचा अधिकृत प्रवास हाय सिएरापाशी, म्हणजे २०१७ च्या प्रणालीपाशी थांबवला. पुढचा रस्ता ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’सारख्या खुल्या प्रकल्पांनी आखला.

या कामाचे कौतुक जरूर व्हावे. पण त्याचा अर्थही नीट लावावा. कंपनीने आपल्याकडील काही किलोबाइटची एक फाईल प्रसिद्ध केली असती, तर जे काम एका सायंकाळी झाले असते, त्यासाठी अनेक लोकांच्या आयुष्यातील असंख्य सायंकाळी खर्ची पडल्या. त्या यंत्राची विक्री थांबून दशक उलटले. त्या फाईलमध्ये आता कोणते व्यापारी गुपित उरले आहे?

उलट उदाहरणही समोर आहे. २००७ साली एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची तांत्रिक माहिती खुल्या प्रणालींच्या निर्मात्यांना देण्याचे धोरण जाहीर केले. परिणामी, ज्या जुन्या रेडिऑन चिपना व्यापारी प्रणालींनी कधीच निरोप दिला, त्या लिनक्सवर आजही मुक्त ड्रायव्हरच्या आधारे चालतात. ती माहिती खुली केल्याने एएमडी बुडाली नाही, आणि त्या चिपही अकाली मेल्या नाहीत.

आक्षेप आणि त्यांचे वजन

विरोधी बाजूचे सगळेच म्हणणे फेकून देण्याजोगे नाही, आणि तसे भासवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप उष्णतेचा. पडद्यामागील अरुंद जागेत, ठरावीक क्षमतेच्या वीजपुरवठ्यावर आणि ठरावीक तांब्याच्या नळ्यांवर कोणतेही कार्ड चालणार नाही. हे खरे आहे. मेज-संगणकाचे शेकडो वॅटचे कार्ड ऑल-इन-वनमध्ये बसवण्याची मागणी कोणी शहाणा करणार नाही. पण मानक ठरवताना वॅटची मर्यादा घालता येते. एमएक्सएममध्ये कार्डाच्या आकारांचे प्रकार याच हेतूने केले होते. मर्यादा असणे आणि मार्गच नसणे यांत अंतर आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. आजच्या पुष्कळ यंत्रांत वेगळे ग्राफिक्स कार्डच नाही. अ‍ॅपलच्या एम-१ पासूनच्या आयमॅकमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आहेत, आणि स्मृतीही त्याच वेष्टनात शेजारी बसवलेली आहे. माहितीचा प्रवास कमी अंतराचा, म्हणून वेग अधिक आणि वीज कमी. हा लाभ खरा आहे. त्याला ढोंग म्हणता येणार नाही. अशा यंत्रात ‘कार्ड बदलू द्या’ ही मागणी निरर्थक ठरते. पण म्हणूनच दुसरी मागणी अधिक बळकट होते: संगणकाचा अंत झाला तरी पडद्याचा अंत होऊ नये. २००९ ते २०१४ दरम्यानच्या कित्येक आयमॅकना दुसऱ्या संगणकाचा पडदा म्हणून वापरता येत असे. मात्र त्यासाठी आतील संगणक चालू असावा लागे. त्याचे कार्ड मेले, की निर्दोष पडदाही मुका. नंतरच्या ५के पडद्यांच्या आयमॅकमध्ये तर ही सोयच उरली नाही. बाहेरून येणारे चित्र थेट पडद्याकडे नेणारी एक स्वतंत्र वाट ठेवायला कोणता अनुल्लंघनीय नियम आड येतो?

तिसरा आक्षेप असा की जुन्या यंत्राला नवे कार्ड लावणे आर्थिकदृष्ट्या मूर्खपणाचे. पुष्कळदा तसे असतेही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या ऑल-इन-वनला कितीही उत्तम ग्राफिक्स कार्ड लावले, तरी ती अट पुरी होत नाही. ज्याला केवळ पत्रव्यवहार आणि तक्ते हाताळायचे आहेत, त्याने कार्डाऐवजी एसएसडी आणि स्मृती वाढवणे हेच शहाणपण. आणि प्रणाली म्हणून लिनक्सचा विचार करावा. केरळच्या शाळांनी मुक्त प्रणालीवर संगणकशिक्षण उभे करून त्या वाटेची व्यवहार्यता दाखवून दिली आहे. पण येथे निर्णय कोणाचा, हा मुद्दा आहे. दुरुस्ती परवडत नाही असे ग्राहकाने हिशेब करून ठरवणे वेगळे, आणि हिशेब करण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था उत्पादकाने करून ठेवणे वेगळे.

आणि ‘आता सुटे ग्राफिक्स हे तंत्रच मागे पडले’ असे म्हणणाऱ्यांनी फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपकडे पाहावे. त्याचा ग्राफिक्स विभाग ग्राहक स्वतः काढू शकतो. आधी रेडिऑन आरएक्स ७७००एस होता. २०२५ मध्ये त्याच चौकटीत बसणारा एनव्हिडिया आरटीएक्स ५०७० जाहीर झाला. लॅपटॉपच्या जाडीत जे जमते, ते टेबलावरच्या २७ इंची पडद्यामागे जमत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा?

वजनकाट्यावर मोजलेले पर्यावरण

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातील केवळ २२.३ टक्के अधिकृतपणे गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. ई-कचरा निर्माण करणाऱ्या देशांत भारत चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टे घातली: पहिल्या दोन वर्षांत ६० टक्के, पुढील दोन वर्षांत ७०, आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. हेतू चांगला. पण या व्यवस्थेचा काटा काय मोजतो? प्रमाणपत्रांचा व्यवहार फिरतो तो सोने, तांबे, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंच्या वजनाभोवती. ऑल-इन-वनची अ‍ॅल्युमिनियमची चौकट वितळवली, की कागदावर पुण्य जमा होते. तीच चौकट एका नव्या कार्डामुळे आणखी पाच वर्षे टेबलावर टिकली, तर त्या पुण्याची नोंद दुय्यम ठरते. नूतनीकरणासाठी नियमांत एक सवलत आहे: नूतनीकृत वस्तूंची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि नंतर तिच्यापैकी ७५ टक्केच मोजली जाते. पण ज्या वस्तूचा सुटा भागच उपलब्ध नाही, तिचे नूतनीकरण कोणी कशाने करावे? एका नियमाने दिलेली सवलत दुसऱ्या नियमाच्या अभावी कोरडी राहते.

चिपची खरी किंमत तिच्या वजनात नसतेच. काही ग्रॅमच्या सिलिकॉनमागे अतिशुद्ध पाणी, विजेचा प्रचंड वापर, दुर्मीळ वायू आणि शेकडो प्रक्रिया उभ्या असतात. चिप वितळवली तर त्यांपैकी काहीही परत येत नाही. येतो तो तांब्या-सोन्याचा किंचित अंश. आणि तो अंश काढण्यासाठी सीलमपूर किंवा मुरादाबादच्या वस्त्यांत आम्लाच्या आणि जळत्या पट्ट्यांच्या धुरात कोण बसते, हे देशातील विज्ञानवाचकांना नव्याने सांगायला नको. पुनर्चक्रण हा शेवटचा उपाय आहे. दुरुस्तीच्या आधी त्याची आरती ओवाळणे म्हणजे दवाखाना बंद करून स्मशानाचे सुशोभीकरण करणे.

गणनशक्तीच्या देशात गणनयंत्राची उपेक्षा

मार्च २०२४ मध्ये केंद्राने सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे ‘इंडिया-एआय मिशन’ मंजूर केले. हजारो ग्राफिक्स प्रोसेसर सवलतीच्या तासिक दराने संशोधकांना उपलब्ध करणे हा त्याचा मोठा भाग. हे स्वागतार्ह आहे, आणि जुन्या ऑल-इन-वनमधले कार्ड त्या प्रोसेसरांची जागा घेईल असे कोणी म्हणणार नाही. पण ग्राफिक्स प्रोसेसर राष्ट्रीय महत्त्वाची वस्तू ठरली असेल, तर ती वस्तू कशी तापते, कशी थकते, कशी बदलतात, तिचे फर्मवेअर काय करते, हे हाताने जाणणारी पिढी कोठे घडणार? ढगातला प्रोसेसर तासाने भाड्याने घेणारा विद्यार्थी त्याचा वापर शिकतो. जुन्या यंत्रातील कार्डावरचा वाळलेला थर्मल पेस्ट पुसणारा विद्यार्थी त्याचे शास्त्र शिकतो. देशाला दोघेही हवेत.

ते दुसऱ्या प्रकारचे ज्ञान आज विद्यापीठांहून अधिक दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर, चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नांदते. तेथील कारागीर आराखड्यांविना, अधिकृत भागांविना, केवळ मल्टिमीटर, हॉट-एअर यंत्र आणि अनुभव यांच्या बळावर बोर्ड वाचतात. हे ज्ञान कंपन्यांच्या लेखी ‘अनधिकृत’ आहे. ज्याला माहिती द्यायचीच नाही, त्याला अनधिकृत म्हणणे सोपे असते.

मोटारींच्या बाबतीत या देशाने ही लबाडी ओळखली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि निदानसाधने खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण तत्त्व नोंदले गेले: वस्तू विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीची नाकेबंदी करण्याचा अधिकार विक्रेत्याला आपोआप मिळत नाही. मोटारीला जे तत्त्व लागू, ते संगणकाला का नाही?

मागण्या स्पष्ट आहेत

दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या पुढील टप्प्यात लॅपटॉपबरोबर ऑल-इन-वन संगणक आलाच पाहिजे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपला असा निर्देशांक लावला. भारताने त्याहून एक पाऊल पुढे जाण्यास हरकत नाही.

ग्राफिक्स, स्मृती आणि साठवण यांपैकी काय सुटे आहे आणि काय सोल्डर केलेले आहे, हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापावे. आहारातील साखर छापली जाते; यंत्राचे आयुर्मान ठरवणारी गोष्ट का लपवावी?

प्रत्येक ऑल-इन-वनच्या पडद्याला बाहेरील चित्रासाठी स्वतंत्र वाट असावी, आणि ती आतील संगणक मेल्यावरही चालावी.

कंपनीने एखाद्या यंत्राचा आधार संपवला, की त्याचे व्ही-बायॉस, फर्मवेअरची साधने आणि बोर्डाचे आराखडे तिने खुले करावेत. सांभाळायचे नसेल, तर दुसऱ्याला सांभाळू द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: जी कंपनी जनतेच्या पैशातून उत्पादन-प्रोत्साहन घेते, तिने त्याच जनतेला किमान सात वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन स्वीकारावे. १७,००० कोटी रुपयांची योजना आखताना ‘ऑल-इन-वन’ हा शब्द ज्यांच्या लेखणीतून उतरला, त्यांना तोच शब्द पुन्हा एकदा लिहिणे जड जाऊ नये.

जुन्या संगणकाचे कार्ड बदलणे हा वरवर हौशी माणसाचा छंद दिसतो. त्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. जी वस्तू उघडता येत नाही, समजून घेता येत नाही आणि सुधारता येत नाही, तिची किंमत ग्राहकाने भरलेली असते. मालकी मात्र विकणाऱ्याकडेच राहिलेली असते. तळहाताएवढ्या कार्डासाठी अख्खा संगणक भंगारात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर ती मालकीही भंगारात जाते. आणि तिच्या पुनर्चक्रणाचे प्रमाणपत्र कोणतेही मंडळ देत नाही.

#दुरुस्तीचा_हक्क #ईकचरा #विज्ञान_आणि_धोरण